फिरता थेंब

तांब्याच्या बारीक चौकटींची एक रांग, तिच्यावर तेलाचा पातळ थर आणि त्या तेलात बुडालेला एक थेंब. थेंब मायक्रोलिटरच्या आसपासचा, म्हणजे मिलिलिटरचा जेमतेम हजारावा हिस्सा. तो स्वस्थ बसलेला असतो. शेजारच्या चौकटीला विद्युतदाब मिळतो आणि त्याची एक कड पुढे पसरते, पाठोपाठ उरलेलं अंग सरकतं, आणि क्षणभरात एक घर पुढे जाऊन तो पुन्हा गोल होऊन बसतो. पंप नाही, झडप नाही, नळी नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिल गावी ॲडव्हान्स्ड लिक्विड लॉजिक नावाची एक कंपनी असे थेंब फिरवत असे, आणि २०१० साली ‘ॲनालिटिकल केमिस्ट्री’ या नियतकालिकात झिशान हुआ, मायकेल पोलॅक, वंशी पामुला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. अशा फिरत्या थेंबाकडून रोगजंतू ओळखून घेता येतो, औषधाला दाद न देणारा जंतूही ओळखून घेता येतो, हे त्या निबंधानं दाखवलं. कवितेसाठी राखून ठेवलेली सावकाश नजर आपण आज त्या निबंधावर फिरवू.

मॉरिसव्हिल मराठी वाचकाला अगदीच परकं नसावं. रॅली-डरहॅमच्या विमानतळाला खेटून, रिसर्च ट्रँगल पार्कच्या कुशीत वसलेलं हे गाव. भारतीय वस्ती भरपूर, हिंदू सोसायटीचं मंदिर, आणि क्रिकेटचं असं मैदान की २०२३ मध्ये मेजर लीग क्रिकेटचा पहिला हंगाम ज्या दोन ठिकाणी खेळला गेला त्यांतलं एक हेच. संगणकवाले आणि औषधवाले इथे शेजारी-शेजारी नांदतात. विजेच्या पाटीवर रक्ताची-थुंकीची तपासणी करण्याची कल्पना अशा शेजारात मूळ धरावी, हे साजेसंच म्हणायचं.

आता तो थेंब जवळून पाहू. अळवाच्या पानावर पावसाचा थेंब ज्यानं निरखला आहे त्याला या यंत्राचं निम्मं मर्म आधीच ठाऊक असतं. पानाला पाण्याची ओढ नसते, म्हणून थेंब पानाला कमीत कमी स्पर्श करत, अंग चोरून, मोत्यासारखा गोल राहतो आणि पान जरासं कललं की घरंगळतो. मॉरिसव्हिलच्या कार्ट्रिजच्या, म्हणजे चौकटी आणि तेल सामावणाऱ्या डबीच्या, आतल्या बाजूलाही असंच पाण्याला नको म्हणणारं लेपण असतं. फरक एवढाच की इथे पान कलवावं लागत नाही. लेपणाखालच्या एखाद्या चौकटीत विद्युतदाब सोडला की तेवढ्या जागेपुरतं आणि तेवढ्या वेळेपुरतं ते लेपण पाण्याला हवंहवंसं होतं, थेंबाचा अर्धा भाग तिकडे ओढला जातो आणि बाकीचा मागोमाग येतो. दाब काढून घेतला की नावड परत येते. थेंबावर कुणी बळ लावत नाही. त्याच्या पायाखालच्या भूमीचा स्वभाव घटकाभर बदलतो, आणि थेंब आपल्या इच्छेनं चालल्यासारखा दिसतो. चलनाचा इतका सौम्य प्रकार यंत्रांच्या जगात विरळाच.

या सौम्यतेला वंशावळ आहे. गाब्रिएल लिपमान या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञानं १८७५ मध्ये पाऱ्यावर प्रयोग करताना पाहिलं की विजेनं द्रवाच्या पृष्ठाचा ताण बदलतो. त्याला पुढे १९०८ साली नोबेल मिळालं ते मात्र रंगीत छायाचित्रणासाठी; पाऱ्याची गोष्ट बाजूलाच राहिली. सव्वाशे वर्षांनी, २००० साली, शेजारच्या डरहॅममधल्या ड्यूक विद्यापीठात रिचर्ड फेअर, पोलॅक आणि अलेक्झांडर शेंडेरोव्ह यांनी ती गोष्ट पाण्याच्या थेंबावर खेळवली, चौकटींची रांग मांडली आणि थेंब घराघरांतून चालवून दाखवला. पोलॅक आणि पामुला यांनी २००४ मध्ये कंपनी काढली तेव्हा थेंब चालत होता. त्यानं चालून करायचं काय, एवढंच ठरायचं होतं.

थेंबाच्या चालण्याइतकाच सुंदर, पण पटकन नजरेत न भरणारा तपशील म्हणजे या चौकटी जिच्यावर मांडल्या ती पाटी. सूक्ष्म द्रवांची अशी उपकरणं घडवायला सिलिकॉन आणि काच ही मानाची द्रव्यं मानली जात. इथे निवड झाली ती रेडिओ-टीव्हीच्या पोटात असते तशा साध्या पीसीबीची, म्हणजे कुठल्याही कारखान्यात स्वस्तात छापून मिळणाऱ्या पाटीची. यामागे काटकसर आहेच, पण शुचिताही आहे. ज्या कार्ट्रिजमध्ये एकाच्या शरीरातले जंतू फिरले ते दुसऱ्याच्या नमुन्याला लावायचं नाही. वापरलं की टाकून द्यायचं. आणि टाकून द्यायची वस्तू महाग असून कशी चालेल?

मग येतो निबंधाचा गाभा. जंतूच्या डीएनएच्या प्रती काढण्याची पीसीआर ही रीत कॅरी मलिस यांना १९८३ मध्ये सुचली आणि १९९३ मध्ये तिनं त्यांना नोबेल दिलं. डीएनए पंचाण्णव अंशांच्या आसपास तापवला की त्याचे दोन पदर सुटतात. साठ अंशांच्या आसपास निवला की प्रत्येक पदरावर नवा जोडीदार विणला जातो. एका तापण्या-निवण्यात एकाचे दोन, पुढच्यात चार, मग आठ. नेहमीच्या यंत्रात धातूचा अख्खा ठोकळा तापवायचा, मग निववायचा, पुन्हा तापवायचा. बराचसा वेळ त्या जड ठोकळ्याच्या मिनतवाऱ्या करण्यात जातो. मॉरिसव्हिलच्या पाटीवर ऊन जागा कायम ऊन आणि कोमट जागा कायम कोमट. तापमान बदलत नाही. थेंब जागा बदलतो. तेलातून वर्तुळाकार वाट कापत तो उष्ण प्रदेशात जातो, पदर सोडतो, थंड प्रदेशात येतो, नवे पदर विणून घेतो आणि पुन्हा निघतो. प्रत्येक फेरीत एका ठिकाणी त्याच्यावर प्रकाश टाकून तो किती उजळतो ते मोजलं जातं, कारण प्रती वाढतील तशी त्यातल्या रंगद्रव्याची चमकही वाढते. जिथे काळात घडणारं तापणं-निवणं होतं तिथे अवकाशात मांडलेली प्रदक्षिणा आली. मला तर या निबंधात सर्वांत मोहक वाटते ती ही एक उलटापालट. ती एकदा मनात ठसली की बाकीची सारी रचना तिच्यापासून आपोआप उलगडत जाते: एका पाटीवर अनेक वाटोळ्या वाटा, प्रत्येक वाटेवर वेगळा थेंब, एकात एका रुग्णाचा नमुना तर दुसऱ्यात दुसऱ्याचा, आणि कुणी कुणाच्या वाटेत येत नाही.

निबंधात एक आकडा आहे, त्याच्यापाशीही थोडं थांबायला हवं. प्रती वाढण्याची कार्यक्षमता ९४.७ टक्के. शंभर टक्के म्हणजे प्रत्येक फेरीत नेमकी दुप्पट. आपण सहज कागदावर करून पाहू. चाळीस फेऱ्या अगदी बिनचूक दुप्पट होत गेल्या तर एका रेणूचे सुमारे एक लाख दहा हजार कोटी होतील. दर फेरीला १.९४७ पट झाले तर सुमारे साडेसदतीस हजार कोटी, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. फेरीगणिक पाच टक्क्यांचं उणेपण, आणि शेवटी दोन-तृतीयांश गेलं! चक्रवाढ व्याजाचा हा खेळ सावकाराला आणि जीवशास्त्रज्ञाला सारखाच ठाऊक. तरीही उरलेला तिसरा हिस्सा डोळ्यांत भरेल इतका उजळतो, आणि एका हलत्या, तेलात तरंगणाऱ्या थेंबानं एवढं साधावं याचं निबंधकारांनाही अप्रूप वाटलेलं दिसतं.

पण रसिकाची खरी मेजवानी पुढे आहे. या थेंबाची परीक्षा घ्यायला त्यांनी तीन जीवांचे डीएनए निवडले: मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस, ज्याला रुग्णालयांत एमआरएसए म्हणतात, मायकोप्लाझ्मा न्युमोनिये, आणि कॅन्डिडा अल्बिकन्स. वरवर पाहता तीन निरनिराळे रोगकारक घेतले, इतकंच. पण ही तीन नावं एकाशेजारी एक ठेवून पाहिली की त्यांच्यातून एक अर्थ उमलू लागतो. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं जिवाणूची भिंत बांधणाऱ्या विकरांना धरून ठेवतात आणि भिंत अर्धवट राहून जिवाणू मरतो. आता पाहा. एमआरएसएपाशी मेक-ए नावाचं एक जनुक असतं. ते भिंत बांधणारं असं एक जादा विकर घडवतं की ज्याच्यावर पेनिसिलिनचा हात नीट बसतच नाही. गवंडी बदलला, काम चालू. मायकोप्लाझ्माला भिंतच नसते. जिथे बांधकामच नाही तिथे गवंड्याला अडवून काय उपयोग? आणि कॅन्डिडा ही बुरशी. तिची भिंत आहे, पण ग्लुकान आणि कायटिन अशा निराळ्याच सामानाची, त्यामुळे तिथला गवंडी पेनिसिलिनला ओळखतही नाही. एकानं रोध मिळवला, दुसऱ्याला तो अभावातून लाभला, तिसऱ्याला परजातीयतेतून. एकाच औषधाला निष्प्रभ करण्याच्या तीन तऱ्हा, एकाच पाटीवर, एकाच मापाच्या थेंबांत. संशोधकांच्या मनात हे असेल, नसेलही; चांगल्या कृतीत कर्त्याच्या नकळतही काही बांधलं जातं.

आणि या त्रयीत काळाचंही एक नाट्य आहे. मेथिसिलिन वापरात आलं आणि दोनेक वर्षांत, १९६१ मध्ये, इंग्लंडमधून त्याला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसची नोंद झाली. तेव्हापासून रुग्णालयांत एकच प्रश्न तातडीचा: समोरचा जंतू कोणत्या औषधाला वश होईल? त्याचं उत्तर देणारी रूढ रीत म्हणजे कल्चर-सेन्सिटिव्हिटी. बशीत जंतू वाढवायचा, मग औषधात भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवायच्या आणि त्यांच्याभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ केवढं पडतं ते मोजायचं. किर्बी आणि बाउर यांनी १९६६ मध्ये या चकत्यांच्या रीतीला शिस्त लावली आणि आपल्याकडच्या प्रयोगशाळांतून ती आजही तितक्याच विश्वासानं चालते. पण बशीतलं घड्याळ जंतूच्या हातात असतं. स्टॅफिलोकॉकस रातोरात वाढतो, तर मायकोप्लाझ्मा कित्येक आठवडे घेतो. तोवर डॉक्टर अंदाजानं, सगळ्यांवर चालेल असं जालीम औषध देतात, आणि त्या अंदाजातूनच पुढच्या पिढीचा रोध जन्मतो. २०१९ या एका वर्षात औषधरोधी जिवाणूंमुळे थेट ओढवलेले मृत्यू जगभरात सुमारे पावणेतेरा लाख होते, हा ‘लॅन्सेट’मधला अंदाज याच संदर्भात वाचायचा. फिरत्या थेंबात जंतू वाढवावा लागत नाही. वाढतात ते त्याचे रेणू, आणि रेणूंच्या बाबतीत घाईचा जंतू आणि आळशी जंतू असा भेद नाही. वर थेंब लहान आहे हा लाभ वेगळाच: पाण्यात रेणूला विसरणानं जे अंतर कापायचं ते दहापट घटलं तर वेळ शंभरपट घटतो. जागा आक्रसली की काळ तिच्यापेक्षाही वेगानं आक्रसतो. सूक्ष्म उपकरणांचं सारं सौंदर्यशास्त्र मला या एका प्रमाणात सामावलेलं दिसतं.

कंपनीचं पुढे काय झालं ते थोडक्यात. २०१३ मध्ये इल्युमिना या जनुकवाचनाच्या बड्या कंपनीनं ती विकत घेतली. पामुला पुढल्याच वर्षी डरहॅममध्ये बेबीज ही नवी कंपनी उभारण्यात सहभागी झाले, आणि तोच चालता थेंब नवजात बाळांच्या टाचेतल्या रक्तातून जन्मजात विकार शोधू लागला. २०१७ मध्ये त्याला अमेरिकी औषध प्रशासनाची मान्यताही मिळाली. एमआरएसएच्या वाटेवरून तो दुसऱ्या वाटेला लागला, याची थोडी चुटपुट माझ्यासारख्या वाचकाला लागते.

थेंबाचं हे कौतुक करताना त्याची मर्यादा झाकून चालणार नाही, कारण तिच्यातून पुढच्या आनंदाकडे वाट जाते. पीसीआरला मेलेल्या जंतूचा डीएनए आणि जिवंत जंतूचा डीएनए सारखाच. जंतूपाशी जनुक आहे हे ती सांगेल. औषध समोर आल्यावर तो जंतू तगतो की नाही हे तिला दिसत नाही. तेव्हा जंतूला प्रत्यक्षच विचारायचं ठरवलं तर? स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे जोव्हान्नी लोंगो, सांडोर काशाश, जोव्हान्नी डीटलर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तेच केलं. अणुबल सूक्ष्मदर्शकात एका टोकाला बांधलेली, केसाहून कितीतरी बारीक अशी एक पट्टी असते. तिच्यावर त्यांनी जिवाणू बसवले. जिवंत जिवाणू आपल्या जगण्याच्या नादात सतत हलतात, आणि ती पट्टी त्यांच्यासह थरथरते. औषध सोडलं, जिवाणू मेले, थरथर उतरली. औषध चाललं की नाही याचं उत्तर काही मिनिटांत.

पण पट्टी नेमकी कशानं थरथरते? या प्रश्नापाशी नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठाचा गट थांबला, आणि २०२२ मध्ये त्यांनी जे वाद्य घडवलं त्याला वाद्यच म्हणावंसं वाटतं. कार्बनच्या अणूंच्या अवघ्या दोन थरांचं कातडं एका सूक्ष्म खळगीवर ताणलेलं. कातड्याची जाडी एक नॅनोमीटरही नाही. त्यावर एकच ई. कोलाय बसवला. तो एकटा जीव ते कातडं साठ नॅनोमीटरपर्यंत हलवतो, म्हणजे त्याच्या जाडीच्या कितीतरी पट. मग त्यांनी एकेक जनुक काढून टाकलेले जिवाणू आणले, ज्यांच्या शेपट्या चालत नाहीत असे, आणि दिसलं की हादऱ्यांचा मुख्य धनी म्हणजे जिवाणूची शेपटी. तबल्याच्या बोलामागचं बोट कोणतं हे कानानं ओळखणारे आपल्याकडे असतात. इथे बोटं एकेक बाजूला सारून तीच परीक्षा झाली. औषध सोडल्यावर वाद्य निवलं तर जंतू औषधाला वश, चालू राहिलं तर रोधी. एका जिवाणूच्या साक्षीवर निकाल. फिरता थेंब जंतूची जन्मपत्रिका वाचतो, हे कातडं त्याची नाडी पाहतं, आणि चिकित्सेला दोन्ही लागतात.

पवईच्या आयआयटीत सौम्यो मुखर्जी यांच्या गटानं २०११ मध्ये तिसरीच चाल रचली होती, ती ओझरती पाहून पुढे जाऊ. प्रकाशवाहक तंतू इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवायचा, म्हणजे आत धावणाऱ्या प्रकाशाचा थोडा अंश वळणावर बाहेर डोकावतो. त्या वळणावर ई. कोलायला धरणारी प्रतिपिंडं लावायची. पाण्यातला जंतू तिथे चिकटला की त्याची प्रथिनं २८० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश पितात आणि पलीकडे प्रकाश कमी पोचतो. जंतूला रंग लावायला नको, खूण बांधायला नको. वळणाचं एवढं सार्थक मी क्वचित पाहिलं आहे.

मुंबईशी या विषयाचं नातं मात्र प्रामुख्यानं क्षयाचं. हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २०११ च्या अखेरीस, तपासलेल्या एकाही औषधाला न जुमानणाऱ्या क्षयाच्या चार रुग्णांविषयी लिहिलं तेव्हा सगळ्या देशात खळबळ उडाली होती. क्षयाचा जंतू दुप्पट व्हायला सुमारे वीस तास घेतो, ई. कोलायला चांगल्या परिस्थितीत वीस मिनिटं पुरतात. म्हणून क्षयाचं कल्चर आठवडे खातं, आणि जनुक वाचण्याला इथे जे मोल येतं ते दुसऱ्या कुठल्या जंतूत क्वचितच येत असेल. रिफाम्पिसिन हे क्षयावरचं मुख्य शस्त्र. (हे औषध ज्या कुळातलं त्याला, १९५७ मध्ये मिलानच्या प्रयोगशाळेत, ‘रिफिफी’ या दरोडेपटावरून नाव दिलं गेलं, वैज्ञानिकही तिकीट काढून सिनेमाला जातात.) क्षयजंतूच्या जनुकग्रंथात सुमारे ४४ लाख अक्षरं आहेत. रिफाम्पिसिनला रोध करणाऱ्या जंतूंपैकी सुमारे ९५ टक्क्यांमध्ये बदल सापडतो तो त्यांतल्या अवघ्या ८१ अक्षरांच्या पट्ट्यात. ४४ लाखांत ८१! एवढ्या मोठ्या पोथीत कुठली ओळ उघडायची हे आधीच ठाऊक असावं, हे केवढं भाग्य.

ती ओळ उघडणारं यंत्र आपल्या शेजारी, गोव्यात, तयार होतं. बंगळुरूच्या बिगटेक लॅब्सनं विकसित केलेलं आणि गोव्याच्या मोलबायो डायग्नॉस्टिक्सनं बाजारात आणलेलं ट्रूनॅट. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये त्याला मान्यता दिली. बॅटरीवर चालणारं, उचलून नेता येणारं. आधी क्षयाचा जंतू आहे का ते तासाभरात सांगतं, असेल तर दुसऱ्या चिपवर रिफाम्पिसिनचा रोध तपासतं. आणि इथे मॉरिसव्हिलच्या रसिकाला एक मजेदार विरोध दिसतो. ट्रूनॅटच्या चिपवर थुंकीतून काढलेल्या डीएनएचे सहा मायक्रोलिटर ठेवले की तो थेंब कुठेही जात नाही. चिपच्या पोटातच तापवण्याची सोय असते, आणि चिप इतकी लहान की तिला तापायला-निवायला ठोकळ्यासारखा वेळ लागत नाही. एका घराण्यात थेंब उष्णतेकडे जातो, दुसऱ्यात उष्णता थेंबाकडे येते. दोघांनीही त्या जड ठोकळ्याला मात्र मैफलीतून उठवलं. देखणेपणात माझं मत फिरत्या थेंबाला. पण जिथे वीज कधीही जाते, वातानुकूलन नाही आणि तंत्रज्ञ एकटा आहे, अशा आरोग्य केंद्रात मी बसक्या थेंबाचंच यंत्र मागेन.